शेंदराची सहा बोटे

रविवार सोडले तर गिरणीतले तेलाचे इंजन वर्षातून दोनच दिवस गप्प बसायचे, खंडेनवमीला आणि दसऱ्याला. एरवी पहाटेच्या भोंग्याबरोबर त्याची धडधड सुरू व्हायची आणि चाळीतल्या खोल्यांमधली पितळी भांडी फळीवर दिवसभर बारीक वाजत राहायची. बायकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की नवमीच्या सकाळी त्यांना जाग यायची ती शांततेने.

त्या दिवशी इंजनघरात बायकांना जायची मुभा असे. बजाबाई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पहिल्यांदा तिथे गेली. तिचा नवरा कुंडलिक त्या इंजनावर तेलवाला होता. हातात लांब नळीचे तेलाचे भांडे घेऊन तो दिवसभर इंजनाभोवती फिरे आणि जिथे लोखंड लोखंडाला घासते तिथे तेल पाजी. त्याच्यावर इमामसाब ड्रायव्हर. इंजन चालू करणे, बंद करणे, त्याचा ताल सांभाळणे हे सगळे इमामसाबकडे. कुंडलिक त्याला उस्ताद म्हणायचा आणि इमामसाब कुंडलिकला कधी बेटा, कधी गाढव.

तेव्हा सोलापुरातल्या बहुतेक गिरण्या कोळशावर आणि वाफेवर चालत. ही गिरणी लहान, पण मालक हौशी. त्याने विलायतेहून नव्या तऱ्हेचे इंजन आणवले होते. त्याच्या अंगाला शिंपल्यासारखी वळलेली एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यातून सारखी बारीक शीळ यायची. गिरणीत सगळे त्या पेटीला भिरभिरे म्हणत. साहेबांच्या बोलण्यात तिचे नाव लांबलचक होते, ते कुणाच्या तोंडी बसले नाही.

बजाबाईने एकदा विचारले होते, "त्या भिरभिऱ्यात असतंय तरी काय?"

कुंडलिक जेवत होता. भाकरीचा घास हातातच ठेवून तो सांगायला बसला. इंजनाबद्दल कुणी विचारले की त्याची भूक मागे पडायची.

"इंजनात तेल जळतं, त्याचा धूर हुतो. त्या धुरात लई जोर असतो, बरं का. जुन्या इंजनात तो जोर चिमणीतनं फुकट जायाचा. ह्यात त्यो वाटंत एका चाकावर सोडलाय. धुरानं चाक फिरतं. त्याच आसाला पल्याड दुसरं चाक हाय. ते भायेरची हवा वढतं आन् इंजनाच्या पोटात कोंबतं. हवा जादा, म्हंजे तेल जादा जळतं, म्हंजे ताकद जादा."

"आन् मंग धूर बी जादा," बजाबाई म्हणाली.

कुंडलिकने मांडीवर थाप मारली. "शाब्बास! साहेबाला बी हे समजवाया दोन दिस लागलं. धूर जादा, म्हंजे चाक जोरात. चाक जोरात, म्हंजे हवा जादा. हवा जादा, म्हंजे पुन्ना धूर जादा. मंग थांबायचं कुटं?"

"मला काय इचारता? तुमीच सांगा."

"आपल्याकडं ऊस भिजवताना काय करतो?"

दोघेही माळशिरसकडचे. लहानपणापासून पाटाच्या पाण्यावर वाढलेले. तिने लगेच सांगितले, "वाफा भरला की दारं मोडायचं. पानी फुडच्या वाफ्याला."

"न्हाय मोडलं तर?"

"वरंबा फुटंल की."

"तसंच हे. चाकाच्या अलीकडं धुराच्या नळाला एक दार ठेवलंय. हवेचा दाब लई झाला की ते उघडतं. थोडा धूर चाकाला बगल दिऊन सरळ चिमणीत जातो. चाक आवरतं."

"कोन उघडतं ते? तुमी?"

"कुनीच न्हाय! हवाच उघडती. कोंबलेल्या हवेची एक बारकी नळी हाय, ती एका डबीत जाती. डबीत चामड्याचा पडदा. हवा लई झाली की पडदा फुगतो, दांड्याला ढकलतो आन् दांडा दार उघडतो. आता दार उगाच उघडाय नगं, म्हणून दांड्यावर पितळंचं वजन घातलंय. तागडीवानी. वजन आत सारलं की दार लवकर उघडतं, भाईर सारलं की उशिरा. उस्ताद उन्हाळ्यात बोटभर सारतो, थंडीत बोटभर सारतो. त्याला बरोब्बर ठावं."

"आन् तुमाला?"

"मला उस्तादची खूण ठावं," कुंडलिक हसला आणि घास तोंडात घातला. "शेंदराची. तिथं वजन असलं की झोप निवांत."

इंजनघरात शेंदराचा एक डबा कायम असायचा. देवासाठी नव्हे. नळाचे जोड बसवताना तेलात कालवलेला शेंदूर मध्ये भरला की धूर गळत नाही. त्याच डब्यात अंगठा बुडवून इमामसाबने दांड्यावर एक खूण केली होती. छिन्नीने खाच पाडली नाही, कारण हवामानाप्रमाणे ती खूण हलायची. जुनी पुसायची, नवी लावायची.

त्या साली खंडेनवमी शुक्रवारी आली. दरसालच्या रिवाजाप्रमाणे सुटे होते ते सगळे काढून चिंचेने घासले गेले. पाने, हातोड्या, तेलाची भांडी, नळांच्या तोट्या. कुंडलिकने या खेपेला दांड्यावरचे वजनही काढले. पितळ काळे पडले होते आणि सणाच्या दिवशी ते त्याला बघवेना. बजाबाईने ते मांडीत घेऊन चिंच आणि राखेने घासले. चांगला नारळाएवढा ऐवज. घासून झाल्यावर तिला त्यात आपले तोंड दिसले, वाकडे आणि पिवळे.

पाटावर सगळी हत्यारे मांडली, झेंडूची माळ इंजनाला घातली. बजाबाईने कुंकवाचा करंडा उघडला, पण तेलकट लोखंडावर कुंकू धरेना, घरंगळून खाली जाई.

"त्या डब्यातला शेंदूर घे की," कुंडलिक म्हणाला. "त्यो चिकटतो. देवाला बी त्योच, इंजनाला बी त्योच."

तिने अनामिका डब्यात बुडवली आणि एकेका वस्तूला पाच-पाच बोटे लावत गेली. चाकाला पाच, तेलाच्या टाकीला पाच, भिरभिऱ्याच्या पेटीला पाच. दांडा लांबट होता, तर त्यावर उंबऱ्याला ओढतात तशी ओळीने पाच. घरात सण करावा तसे तिने मनापासून केले.

इमामसाब तेव्हा तिथे नव्हता. तो जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. जाताना दारातून ओरडून गेला, "कुंडलिक, नारळ का टुकडा मेरे वास्ते रखना, नहीं तो कल मुझसे बात नक्को करना!"

आरती झाली. कुंडलिकने वजन उचलले आणि दांड्यात घातले. बाहेर साखरभात वाटत होते, पोरे ओरडत होती.

"हे कुटं बसत हुतं गं?" तो म्हणाला. तिलाच विचारले असे नाही, माणूस आपल्याशीच बोलतो तसे.

"लाल दिसतंय की तितं," बजाबाई म्हणाली. ती ताटातली फुले गोळा करत होती.

कुंडलिकने वजन लाल बोटावर आणले, पेच आवळला आणि हात धोतराला पुसला.

सोमवारी गिरणी सुरू झाली. गावाकडे गेलेले लोक अजून परतले नव्हते, अर्धेच माग चालत होते. मंगळवारी थोडे जास्त. बुधवारी सगळी माणसे आली, सगळे माग लागले आणि इंजनावर पुरा भार पडला. दहाच्या सुमाराला भिरभिऱ्याची शीळ चढली. चाळीत नळावर धुणे धूत बसलेल्या बायकांनीही ती ऐकली. शेजारची शिवबाई म्हणाली, "आज लई कोकलतंय गं." शीळ चढतच गेली. मग असा आवाज झाला की नळावरचे कावळे उडाले, आणि त्यानंतर शांतता. नवमीला असते तशी.

इमामसाब तेव्हा तेल तोडायला पलीकडच्या तोट्यांकडे धावला होता. कुंडलिक अलीकडे होता. त्याने धावून दांडा हाताने वर उचलला, दार उघडायला. पाटावर वाढलेल्या माणसाने दारे मोडायला धावावे तसा तो धावला. तेवढ्यात आतले चाक फुटले आणि पेटीही फुटली.

त्याला घरी आणले नाही. सिव्हिल हॉस्पिटलात नेले आणि तिथून परस्पर स्मशानात.

पुढचे दिवस बजाबाईला एकसारखे गेले. गावाहून सासू सोजरबाई आली, धाकटा दीर मानसिंग आला. बायका येत, गळ्यात पडून रडत आणि तिचा खांदा ओला करून जात. तिला रडू येत नव्हते. कुणी जेवायला सांगितले की ती जेवे, कुणी ऊठ म्हटले की उठे. तिने सूपभर तांदूळ निवडले, मग निवडलेलेच पुन्हा निवडले. शिवबाई म्हणायची, "रड गं बया, मोकळी हो. असं धोंड्यावानी बसू नगंस." बजाबाई ते ऐकायची आणि तिला वाटायचे, ही कुणाला सांगते आहे.

चुलीवरचे भांडे तिने एकदा उघड्या हाताने उतरवले. बोटे लाल झाली. सोजरबाईने ओरडून हात पाण्यात धरला. बजाबाईने हाताकडे पाहिले. पाणी गार आहे की कोमट तेसुद्धा तिला कळले नाही.

दहाव्या दिवशी अजीजा आली, इमामसाबची बायको. ती रोज यायची, पण दारातूनच विचारून जायची. त्या दिवशी ती आत आली आणि भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे सुजले होते.

"बजा, तुला सांगू नक्को वाटतंय," ती म्हणाली. "पण कुणाला सांगू मी? पुण्याहून सरकारी साहेब आलाय. म्हणतो, वजन मुद्दाम बाहेर सारलेलं होतं. हिशेबानं चार बोटं. गिरणीचा साहेब म्हणतो, ड्रायव्हरनंच सारलं, इंजनातनं जास्त ताकद काढून मालकाला खूष करायला. परवा सगळ्यांसमोर विचारणार. मग म्हणे खटला. ह्यांना तुरुंगात घालतील."

"उस्तादनं सारलं न्हाय," बजाबाई म्हणाली. गेल्या दहा दिवसांत तिने आपणहून बोललेले हे पहिलेच वाक्य.

"मला माहीत आहे गं. ते एवढंच म्हणतात, मी लावलं नाही. मग कुणी लावलं विचारलं की गप्प. मी घरी हातापाया पडले. बोला म्हटलं. तर म्हणाले, जो बोल नहीं सकता उसका नाम मैं नहीं लेता."

अजीजाने पदराने नाक पुसले. "आणि खूण बी सापडंना. साहेब म्हणतो, तुमची खूण कुठली? दांड्यावर सहा बोटं आहेत शेंदराची. सहा!"

बजाबाई तिच्याकडे बघत राहिली.

"सहा?"

"सहा. मोजली त्यांनी."

अजीजा गेल्यावर बजाबाईने आपला उजवा हात उलटा करून पाहिला. अनामिकेच्या नखाच्या कडेला शेंदूर अजून होता. तेलातला शेंदूर, राखेने भांडी घासूनसुद्धा गेला नव्हता. पाच तिने लावली होती. उंबऱ्याला लावतात तशी, पाचच. म्हणजे एक उस्तादची. आणि वजन बसले ते तिच्या बोटावर. लाल दिसतंय की तितं, ती म्हणाली होती.

तिला वाटले आता काही तरी फुटेल आत. ती वाट बघत बसली. काही फुटले नाही. तिने उठून दिवा लावला.

रात्री जेवताना तिने सोजरबाईला सगळे सांगितले, एकाच आवाजात, बाजारातून काय आणायचे ते सांगावे तसे. सोजरबाईचा घास हातात राहिला. मानसिंग ताटावरून उठला.

"ह्यातलं एक अक्षर भाईर काढू नगा, वैनी," तो म्हणाला. "दादा गेल्यावर लोक काय म्हंत्यात ऐकलं का? दार उघडाया धावला, गिरणी वाचवाया गेला. गावात बी त्येच बोलत्यात. आन् तुमी सांगनार, त्यानंच वजन चुकीच्या जागी लावलं? मेलेल्या मानसाला चौकशीत उभं करनार?"

"उस्ताद जित्ता हाय," बजाबाई म्हणाली.

"म्हणूनच म्हंतो. जित्ता मानूस सोसंल. मेलेला कसा सोसंल?"

सोजरबाईने ताट बाजूला सरकवले. मग हळूच म्हणाली, "आन् तू बी सोसशील का गं पोरी? आमचं जाऊ दे. पर गाव म्हनंल, बायकोनं नवरा मारला. बोट लावून मारला. जल्मभर म्हनंल."

"म्हनंल," बजाबाई म्हणाली.

"मंग?"

बजाबाई ताटे गोळा करू लागली. तिला सासूचे बोलणे समजत होते, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी सुनेबद्दल असावे तसे. एवढेच तिला नक्की माहीत होते की दांड्यावर सहा बोटे आहेत आणि त्यातली पाच तिची आहेत. एवढेच ती सांगू शकत होती. बाकीचे तिच्या हातात नव्हते.

चौकशी इंजनघरातच होती. बजाबाई डोक्यावरून पदर घेऊन एकटीच निघाली. सोजरबाई दारात उभी राहिली. आडवी आली नाही आणि जा असेही म्हणाली नाही. मानसिंगने तोंड फिरवले.

इंजनघरात झेंडूची माळ अजून इंजनावर होती, वाळून काळी पडलेली. भिरभिऱ्याच्या जागी वाकलेला नळ आणि भोक. टेबलामागे पुण्याचा साहेब बसला होता, चष्म्याचा, मराठी बोलणारा. त्याच्या शेजारी गिरणीचा साहेब. समोर इमामसाब उभा होता. दहा-बारा दिवसांत त्याची दाढी पांढरी दिसू लागली होती. टेबलावर तो दांडा ठेवला होता, टोकाला वाकलेला, पण त्यावरची बोटे शाबूत. पितळेचे वजन त्यावर तसेच आवळलेले, अजून चकचकीत.

"बाई, तुम्हाला बोलावलेलं नाही," गिरणीचा साहेब म्हणाला. "घरी जा. तुमच्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटतंय."

"ती बोटं माझी हाइत," बजाबाई म्हणाली.

"कसली बोटं?"

"दांड्यावरची. पाच माझी, एक उस्तादची. नवमीला मी लावली. ह्या डब्यातला शेंदूर घिऊन."

इमामसाबने मान वर केली. "बाई, नक्को," तो म्हणाला. "तू जा. हे मी बघतो."

"काय बघतो?" पुण्याचा साहेब म्हणाला. "तुम्ही तर गेले दोन दिवस तोंड उघडायला तयार नाही. बाई, तुम्ही बोला. वजन कुणी काढलं?"

"मालकानं. माझ्या. घासाया."

"आणि परत कुणी लावलं?"

"त्यांनीच. कुटं बसतंय म्हनलं. मी म्हनलं लाल दिसतंय तितं. त्यांनी तितं लावलं. उस्ताद नमाजाला गेलते."

गिरणीचा साहेब खाकरला. "हे आता सांगायला काय, कुणीही सांगेल. शेजारधर्म आहे यांचा, एका चाळीतले. बोटावर काय नाव लिहिलंय?"

बजाबाईने उजवा हात पुढे केला. अनामिकेच्या पेरावर मधोमध एक जुनी चीर होती. लहानपणी उसाचे पाचट काढताना कोयता लागला होता आणि जखम भरली तरी चीर राहिली होती.

पुण्याच्या साहेबाने खिशातून भिंग काढले. दांडा उजेडाकडे वळवून तो बघत राहिला. मग त्याने शेंदराचा डबा तिच्यासमोर सरकवला.

"लावून दाखवा. इथे, मोकळ्या जागेवर."

बजाबाईने डब्याकडे पाहिले. दहावा होऊन गेला होता. तिच्या कपाळावरचे सोजरबाईने पुसले होते, बांगड्या शिवबाईने फोडल्या होत्या. विधवा बाईने शेंदराला हात लावायचा नाही, हे तिथल्या सगळ्या माणसांना माहीत होते. तेलवाले, मागांवरचा मुकादम जॉबर, दारातला पहारेकरी. सगळ्यांची नजर खाली गेली. इमामसाबने भिंतीकडे तोंड केले.

तिने बोट बुडवले आणि दांड्यावर लावले. नवमीला लावले होते तसेच, हलके, खालून वर.

साहेबाने भिंग धरले. नव्या बोटाच्या मधोमध लोखंडाची बारीक काळी रेघ मोकळी राहिली होती. वजनाच्या कडेला टेकलेल्या बोटात तशीच रेघ. त्याच्या शेजारच्यात तशीच. चार बोटे आत सरकून जे होते ते मात्र रुंद आणि भरीव. अंगठ्याचे.

"ही तुमची खूण?" त्याने इमामसाबला विचारले.

"जी."

"वजन इथे हवं होतं?"

"जी, साहेब."

"मग नमाजाहून आल्यावर तुम्ही बघितलं नाही? दांड्यावर पाच जादा बोटं दिसत होती. पुसून खात्री का नाही केली?"

इमामसाबने दांड्याकडे पाहिले. मग म्हणाला, "बघितलं, साहेब. वजन लालवर होतं. बाकीचं पूजेचं होतं. पूजेच्या चीजेवर मी हात फिरवत नाही. दुसऱ्याच्या देवाचं असतं. इतकी सालं कधी फिरवला नाही. फिरवला असता तर बरं झालं असतं."

साहेबाने काही तरी लिहिले. बराच वेळ लिहीत राहिला. मग गिरणीच्या साहेबाकडे वळून म्हणाला, "ह्यात लबाडी कुणाची नाही. खूण छिन्नीने पाडायला पाहिजे होती आणि वजनावर कुलूप पाहिजे होतं. ते तुमच्या खात्याचं काम. ड्रायव्हरवर खटल्याची शिफारस मी करणार नाही."

गिरणीच्या साहेबाने टोपी उचलली आणि तो बाहेर गेला.

बजाबाई तिथेच उभी होती. शेंदराचे बोट तिने अंगापासून लांब धरले होते, कुठे लागू नये म्हणून. इमामसाब कोपऱ्यातल्या खोक्याकडे गेला, सुताच्या गुंत्याचा एक बोळा घेतला आणि तिच्या हातात दिला. कुंडलिकला रोज सुट्टीच्या भोंग्याला देत असे तसाच.

"ह्यानं निघणार नाही पुरता," तो म्हणाला. "तेलातला आहे. घासलेट लाव." मग म्हणाला, "त्यानं दांडा उचलला, बाई. मी बघितला. उचलल्यावर दार उघडलं होतं. दोन-चार पळं आधी उघडलं असतं तर…"

बजाबाईने मान हलवली. तिला ऐकू आले होते. ते कुठे ठेवायचे ते कळत नव्हते, म्हणून ती सुताचा बोळा मुठीत धरून चालू लागली.

चाळीत बातमी तिच्या आधी पोचली होती. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तिची घागर कुणी तरी बाजूला सरकवून ठेवली होती. शिवबाईने तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा धुण्याकडे पाहिले.

खोलीत मानसिंग नव्हता. त्याचे गाठोडेही नव्हते. सोजरबाई चुलीपुढे बसली होती. तिने सुनेच्या हाताकडे पाहिले. बोट लालभडक होते.

बजाबाईला वाटले आता ही मारेल. मारले तरी चालेल असे वाटले.

सोजरबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. कोनाड्यातून घासलेटची बाटली घेतली आणि फाटक्या धोतराचा तुकडा घेतला. ते धोतर कुंडलिकचे होते. तिने सुनेला पाटावर बसवले, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि बोट घासू लागली. पेर, नख, नखाची कड. चिरेत गेलेला शेंदूर निघेना तेव्हा तिने चिंधीचे टोक पिळून चिरेत घातले.

"आत्याबाई," बजाबाई म्हणाली.

"काय?"

"गार लागतंय."

सोजरबाईचा हात थांबला. तिने सुनेच्या तोंडाकडे पाहिले. मग बाटली पुन्हा तिरपी केली, बोटावर आणखी थोडे ओतले आणि घासत राहिली.